उंदीर, पिसू आणि अफवा

२९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजारभर गिरणी कामगार मुंबईच्या आर्थर रोड रुग्णालयावर चालून गेले. शहरात प्लेगचे निदान होऊन जेमतेम महिना लोटला होता. मांडवीच्या धान्यगोदामांच्या परिसरात हा रोग पहिल्यांदा ओळखला तो डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. रुग्णालय उभे होते ते रोग्यांना वाचवण्यासाठी. पण गिरणगावात बोलले जात होते ते वेगळेच. तिथे नेलेला माणूस जिवंत परत येत नाही. त्याला मारून त्याच्या अंगातले तेल काढतात. त्याच महिन्यात व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले होते, त्या अपमानाचा बदला म्हणून राणीने मुंबईकरांची काळजे मागवली आहेत, अशीही वदंता होती.

सरकारी दप्तरात याचे कारण एका शब्दात नोंदले गेले: अज्ञान. तेव्हापासून आजपर्यंत साथीच्या काळातल्या प्रत्येक गैरसमजाला हेच उत्तर दिले जाते. लोक अडाणी असतात, अफवांवर विश्वास ठेवतात, त्यांना शास्त्र समजावून सांगितले की प्रश्न सुटतो. हे उत्तर सोयीचे आहे, कारण त्यात सगळा दोष ऐकणाऱ्याच्या माथी जातो आणि सांगणारा मोकळा सुटतो. मुंबई-पुण्याच्या प्लेगपासून कोरोनापर्यंतचा अनुभव मात्र या उत्तराशी जुळत नाही. साथीतले गैरसमज बहुतेक वेळा तिथे वाढतात जिथे सांगणाऱ्यावरचा विश्वास आधीच उडालेला असतो; आणि सांगणाऱ्याचे स्वतःचे गैरसमज त्यांना खतपाणी घालतात.

गिरणी कामगाराने डोळ्यांनी काय पाहिले होते, इथून सुरुवात करावी लागेल. ६ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी हुकूम काढला: प्लेगचा रोगी सापडला की त्याला वेगळे काढायचे, गरज पडली तर जबरदस्तीने रुग्णालयात न्यायचे. या भीतीने घरचे लोक रोग्याला दडवून ठेवत. अगदी शेवटच्या घटकेला तो उघडकीस येई, तेव्हा त्याला उचलून नेले जाई, आणि तो दगावे. रोगावर औषध नव्हतेच. वस्तीतून गेलेल्यांपैकी फार थोडे परतत. चाळींपुढे आणि गिरण्यांच्या दारात उभे राहून ही ये-जा पाहणाऱ्याने रुग्णालयात माणसे मरतात असा निष्कर्ष काढला, तर त्याचे निरीक्षण चूक नव्हते; चुकले होते ते कारण. आणि खरे कारण सांगायला त्याच्या भाषेत बोलणारे, त्याच्या ओळखीचे कोणी आलेच नव्हते. हल्ल्यानंतर कमिशनरांना हुकूम सैल करावा लागला. शहर झाडणारे सफाई कामगारच मुंबई सोडून गेले तर काय, ही धास्ती त्यामागे होती.

आता दुसरी बाजू. ज्यांनी लोकांना अज्ञानी म्हटले, त्यांना तरी प्लेग कसा पसरतो हे माहीत होते का? येर्सिन या शास्त्रज्ञाने १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जंतू शोधला होता, पण तो माणसाच्या अंगात शिरतो कसा, याचा पत्ता नव्हता. घाण, ओल, कोंदट हवा, दूषित जमीन आणि रोग्याचे कपडे यांच्यावर अधिकाऱ्यांचा संशय होता. म्हणून गटारांत पिंपेच्या पिंपे जंतुनाशक ओतले गेले. घरांची कौले उतरवून आत ऊन पाडण्यात आले, भिंतींना चुना फासला, गोधड्या आणि चिंध्या जाळल्या, रोग्याच्या घरच्यांना छावण्यांत डांबले. ज्याच्या अंगावरच्या पिसवा रोग वाहून नेत होत्या तो उंदीर मात्र एका घरातून दुसऱ्या घरात निघून जात होता.

जून १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत केलेल्या प्रयोगातून उंदरावरची पिसू प्लेग पसरवते असे दाखवले. त्याच सुमारास नेमलेल्या इंडियन प्लेग कमिशनने त्याचे म्हणणे झिडकारले. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत नव्याने झालेल्या कामाने ते खरे ठरवले, तोवर देशात लाखो माणसे मेली होती. गढवाल-कुमाऊंच्या डोंगरी खेड्यांत मात्र उंदीर मरू लागले की माणसे गाव सोडून रानात जाऊन राहतात, हे एकोणिसाव्या शतकातच इंग्रज अधिकाऱ्यांनी स्वतः नोंदवून ठेवले होते. महाराष्ट्रातही ‘उंदीर पडले’ म्हटले की माळावर झोपड्या बांधायला घेणारी गावे पुढे कितीतरी वर्षे होती. या लोकांना जंतू ठाऊक नव्हता, पिसू ठाऊक नव्हती, तरी त्यांचे वागणे त्या काळच्या अधिकृत शास्त्रापेक्षा सत्याच्या जवळचे होते. म्हणजे रेघ ‘ज्ञानी सरकार’ आणि ‘अज्ञानी प्रजा’ यांच्यामध्ये नव्हती. दोन्हीकडे अर्धवट माहिती होती. फरक एवढाच की एका बाजूच्या अर्धवट माहितीला सक्तीचे हात होते.

ही सक्ती कायद्यात उतरली ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, साथरोग कायद्याच्या रूपाने. त्या आधाराने पुण्यात वॉल्टर रँड यांच्या प्लेग समितीने गोरे सोजीर घराघरांत घुसवले. देवघरात आणि माजघरात बूट गेले, बायकांची तपासणी परक्या पुरुषांनी केली, सामान रस्त्यावर फेकले गेले. पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल उघड तक्रार केली. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी सोजिरांनी दोन स्त्रियांवर बलात्कार केल्याचे तिथे जाहीर केले. परतल्यावर पुरावा उभा करता आला नाही, तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली आणि त्या माफीमुळे स्वकीयांकडूनच टीका सोसली. गोखल्यांसारखा आकडे आणि कागद तपासून बोलणारा माणूसही अशा वातावरणात सिद्ध न होणारी गोष्ट बोलून गेला, यातच त्या वातावरणाची कल्पना येते. जिथे रोज नवा अपमान होत असतो तिथे खरी तक्रार आणि ऐकीव गोष्ट एकमेकींत मिसळून जातात. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँड आणि लष्करी अधिकारी आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यानंतर पुण्यात प्लेगविषयी शांतपणे बोलणे आणखी अवघड झाले.

त्याच पुण्यात, त्याच महिन्यांत, दुसरे चित्रही होते. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर असलेले पुत्र यशवंत यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला. रोग्यांची सेवा करतानाच सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. टिळकांनी शहर न सोडता हिंदूंसाठी वेगळे प्लेग रुग्णालय काढायला मदत केली. रुग्णालय म्हणजे मरणाची जागा असे मानणारी माणसे या ठिकाणी आपली माणसे घेऊन आली. उपचार फारसे वेगळे नव्हते. नेणारे हात ओळखीचे होते.

लसीचीही हीच कथा. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आलेल्या वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या प्रयोगशाळेत काही महिन्यांत प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. खोजा समाजाचे तरुण धर्मप्रमुख आगाखान यांनी लोकांसमोर टोचून घेतले, तेव्हा त्यांचे हजारो अनुयायी पुढे आले. कायद्याची धमकी देऊन जे झाले नसते ते एका माणसाने दंड पुढे करून झाले.

या विश्वासाला तडा गेला तोही एका खऱ्या घटनेने. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी टोचून घेतलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. सरकारने ठपका ठेवला हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर. दोष एकाच बाटलीत होता, आणि ती बाटली गावात उघडताना दूषित झाली असावी, असे पुरावे सांगत होते. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये हा विषय लावून धरला, तेव्हा १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. मधल्या पाच वर्षांत लस मारते ही समजूत पक्की झाली असेल तर तिला अफवा तरी कसे म्हणायचे? सरकारच तसे म्हणत होते.

परदेशी राजवटीचा हा दोष होता, स्वतंत्र देशात असे होणार नाही, असे वाटू शकते. गोव्यातली १९८९ सालची घटना हा आधार काढून घेते. एचआयव्हीचे भारतातले पहिले निदान १९८६ मध्ये चेन्नईत झाले. गोव्याने लगेच सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून बाधित माणसाला वेगळे ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. डॉमिनिक डिसोझा हे नियमित रक्तदाते होते. त्यांच्या रक्तात विषाणू आढळल्यावर फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्यांना उचलले आणि म्हापशाजवळच्या एका जुन्या क्षयरोग इस्पितळात पहाऱ्यात ६४ दिवस एकटे ठेवले. एचआयव्ही स्पर्शाने, हवेने किंवा एकत्र जेवल्याने पसरत नाही, हे तोपर्यंत जगाला माहीत झाले होते. तरीही विधानसभेने गैरसमज कायदा म्हणून संमत केला, आणि त्यांच्या आईने दाद मागितली तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली. शेजारी बाधिताच्या घरातले पाणी पीत नसेल तर त्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. पण दारात पोलीस आणि खोलीला कुलूप दिसल्यावर त्याने दुसरा कोणता अर्थ काढायचा? डिसोझा यांनी पुढे ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये ते गेले. बाधितांच्या हक्कांचा राष्ट्रीय कायदा संमत व्हायला २०१७ साल उजाडले.

कोरोना आला तेव्हा पुन्हा तोच १८९७ चा कायदा बाहेर काढण्यात आला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात घरी विलग ठेवलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारण्यात आला. हेतू ओळख पटावी एवढाच होता, पण शिक्का गुन्ह्याची खूण झाला. शिक्का दिसला म्हणून प्रवाशांना पालघरला रेल्वेतून खाली उतरवले गेले. त्यानंतर लक्षणे लपवणारे वाढले असतील तर नवल नाही. १८९६ मध्येही माणसे रोगी दडवत होती ती याच भयाने.

कोरोनाच्या पहिल्या महिन्यांत चुकीची माहिती पसरवण्यात मोठ्या संस्थाही होत्या, हे सांगणे क्लेशदायक असले तरी आवश्यक आहे. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ठामपणे जाहीर केले की हा विषाणू हवेतून पसरत नाही. जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्राने त्याला हरकत घेतली, आणि संघटनेने आपली भूमिका स्पष्टपणे बदलेपर्यंत २०२१ उजाडले. दरम्यान सगळे जग वस्तू पुसत राहिले. भाज्या साबणाने धुतल्या गेल्या, इमारतींच्या दारांत फवारणीचे बोगदे उभे राहिले, बरेलीत गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्यावर जंतुनाशक मारण्यात आले. १८९७ ची कौले आणि गोधड्या पुन्हा परतल्या होत्या. खिडक्या उघडा, बंद खोलीत गर्दी टाळा, हा साधा आणि फुकटचा सल्ला मागे पडला.

या एका चुकीची मोठी किंमत वर्तमानपत्रांनी मोजली. कागदावरून विषाणू येतो या भीतीने मार्चच्या अखेरीस मुंबईत अंक निघणे थांबले, आणि एप्रिलमध्ये राज्य सरकारने घरोघरी वर्तमानपत्र टाकायला मनाई केली. नेमक्या ज्या आठवड्यांत लोकांना तपासून छापलेल्या बातमीची गरज होती, त्या आठवड्यांत दारात येणारा अंक थांबला आणि हातात उरला तो मोबाइल. थाळ्यांच्या नादाने विषाणू मरतो, चौदा तासांच्या जनता कर्फ्यूने साखळी तुटते, कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो, लस घेतलेला दोन वर्षांत मरतो: असे संदेश नातेवाइकांच्या गटांतून फिरत राहिले. ते पाठवणारा बहुतेक वेळा लबाड नव्हता. काळजीने पाठवणारा मामा, सोसायटीचा सचिव, शाळेतला जुना मित्र असा तो कोणी होता. कोंबडीच्या एका अफवेने राज्यातल्या कुक्कुटपालकांना मिळणारे भाव उत्पादनखर्चाच्या कितीतरी खाली कोसळले आणि ज्यांनी कर्ज काढून शेड उभारल्या होत्या त्यांनी जिवंत पिल्ले खड्ड्यात पुरली.

सगळेच गैरसमज असे अजाणता पसरले नाहीत. दिल्लीतल्या तबलिगी जमातीच्या धार्मिक मेळाव्यानंतर एका धर्माच्या माणसांनी मुद्दाम रोग पसरवला, असा प्रचार काही वाहिन्यांनी आणि संघटित गटांनी चालवला. जुन्या, भलत्याच ठिकाणच्या चित्रफिती नव्या म्हणून दाखवल्या गेल्या. भाजीवाल्यांना वस्तीत येऊ दिले नाही. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा करण्यात आल्याचे स्पष्ट म्हटले. निकाल न्याय्य होता, पण तो आला तेव्हा प्रचाराने आपले काम केले होते. साथ कोणी आणली हे विचारण्याची घाई झाली की उत्तर आधीच ठरलेले असते: मुंबईतल्या प्लेगमध्ये ते गरिबांच्या चाळी होते, एड्समध्ये वेश्यावस्ती, कोरोनात अल्पसंख्य.

डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांनीही समजुती घडवल्या. नोव्हेंबर २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनावर रेमडेसिव्हिर हे औषध न वापरण्याची शिफारस केली होती. तरी एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्याच्या एका कुपीसाठी माणसांनी दागिने मोडले. बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला प्लाझ्मा दिल्याने मृत्यू टळत नाही, हे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवरच्या स्वतःच्या चाचणीतून २०२० मध्ये दाखवले. परिषदेने तो उपचारसूचीतून काढला मे २०२१ मध्ये. मधल्या काळात प्लाझ्मादाता शोधत फिरणाऱ्या मुलाला गैरसमज झाला होता असे म्हणता येईल का? त्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवला होता.

या साऱ्यावर एक रास्त आक्षेप येऊ शकतो. विश्वासाची बाजू मान्य केली तरी निव्वळ अंधश्रद्धा आणि भाबडेपणा असतोच की. असतो. जून २०२१ मध्ये नाशिकच्या एका गृहस्थांच्या अंगाला लस घेतल्यावर चमचे-नाणी चिकटू लागल्याची बातमी राज्यभर गाजली आणि शिकलेल्या घरांतही लोकांनी दंडाला नाणी लावून पाहिली. पण तो गैरसमज कसा विरला, हे पाहण्यासारखे आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी त्या गृहस्थांची टिंगल केली नाही. घामट, चिकट कातडीवर लस न घेतलेल्याच्याही अंगाला नाणे चिकटते, हे समजावून दिले. ज्याला शंका आली त्याला घरी करून पाहण्याजोगे उत्तर मिळाले. भाबडेपणाचा इलाज असा साधा असू शकतो. अविश्वासाचा इलाज त्याहून कष्टाचा असतो, कारण त्यासाठी सांगणाऱ्याला आपले वागणे बदलावे लागते.

ते बदलता येते, हे धारावीने दाखवले. १ एप्रिल २०२० रोजी तिथे पहिला रुग्ण सापडला तेव्हा दोन-अडीच चौरस किलोमीटरमध्ये लाखो माणसे आणि सामायिक शौचालये असलेल्या या वस्तीचे काय होणार, म्हणून सगळे धास्तावले होते. महापालिकेने गल्लीतल्याच खाजगी डॉक्टरांना संरक्षक पोशाख देऊन ताप तपासायला नेले. वर्षानुवर्षे ज्याच्याकडून पोराच्या खोकल्याचे औषध घेतले तोच डॉक्टर दारात आला, तेव्हा दार उघडले. विलगीकरण शाळांत आणि क्रीडासंकुलात, वस्तीच्या जवळ ठेवले गेले आणि जेवणाची सोय झाली. रोगी न लपवणे लोकांना परवडू लागले.

मृतदेहांच्या बाबतीत मात्र अशी समज दिसली नाही. नेहमीची काळजी घेतली तर मृतदेहातून जादा धोका नाही, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्च २०२० मध्येच कळवले होते. तरीही मुंबई महापालिकेने ३० मार्चला सर्व धर्मांच्या मृतांचे दहनच करण्याचा आदेश काढला आणि त्याच दिवशी मागे घेतला. वांद्र्याच्या दफनभूमीत कोरोनाने मेलेल्यांना पुरण्याविरुद्धची याचिका उच्च न्यायालयाने मे महिन्यात फेटाळली. पण एका दिवसात मागे घेतलेला आदेशही लोकांच्या मनात राहतो, मागे घेतल्याची बातमी राहत नाही. कितीतरी घरांना आपल्या माणसाचे तोंडही पाहता आले नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला देह न दाखवता नेला गेला तेव्हा अवयव काढून घेतात ही वदंता पुन्हा उठली, गिरणगावातल्या ‘काळजां’नंतर सव्वाशे वर्षांनी, जवळपास त्याच शब्दांत.

पुढची साथ येणार, यात शंका नाही. तेव्हा अफवा पसरवणाऱ्यांवर गुन्हे दाखल करण्याचे इशारे पहिल्याच दिवशी निघतील. त्याच दिवशी आणखी काही गोष्टी व्हायला हव्यात. आज काय माहीत आहे, काय माहीत नाही आणि कोणता सल्ला उद्या बदलू शकतो, हे सरकारने रोज, मराठीत आणि गोंडी-कोरकू-भिली बोलणाऱ्यांसाठी त्यांच्या भाषेत सांगावे. सल्ला बदलला तर आधीचा का चुकला हेही सांगावे. रोगी नेला तर कुठे नेला आणि तो कसा आहे, हे घरच्यांना कळावे. लसीनंतर कोणी दगावले तर चौकशीचा निष्कर्ष काही आठवड्यांत प्रसिद्ध व्हावा, मुल्कोवालसारखी पाच वर्षे लागू नयेत. गल्लीतला डॉक्टर, आशाताई आणि शिक्षिका यांना आदेश पोचवणारे न मानता पहिल्या बैठकीपासून सोबत घ्यावे.

आणि मृत्यूंचे आकडे वेळेवर द्यावेत. नागरी नोंदणीनुसार देशात २०२० मध्ये सुमारे ८१ लाख मृत्यू नोंदले गेले आणि २०२१ मध्ये सुमारे १ कोटी २ लाख. एका वर्षात वाढलेल्या या २१ लाख मृत्यूंचा अहवाल लोकांसमोर यायला मे २०२५ उजाडले.